आणलेल्या झाडाचे ऋण

बेळगावची थंडी ही पाहुण्यांनी वाखाणावी आणि घरच्यांनी सोसावी अशी वस्तू आहे. चोर्ला घाट चढून गोव्याहून येणारी आमची आप्तमंडळी अंगणात पाऊल ठेवताच "काय सुंदर हवा!" म्हणतात आणि रात्री दुसरी रजई मागून घेतात. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर वसलेल्या या गावी मार्गशीर्ष लागला की सूर्य कलताच हवेत बोचरेपणा येतो. पौषात रात्रीचा पारा तेरा-चौदा अंशांपर्यंत उतरणे नित्याचे. एखाद्या निरभ्र, निवांत रात्री तो दहाच्याही खाली जातो. काश्मिरातल्या माणसाला याचे हसू येईल. पण जे झाड आपल्या पूर्वजांसह हजारो वर्षे समुद्राच्या उबदार श्वासात वाढले, त्याला ही दहा अंशांची रात्र हसण्यावारी नेता येत नाही.

असे एक झाड आमच्या टिळकवाडीतील परसात आहे. नीरफणसाचे. ते कसे आले हे आधी सांगितले पाहिजे, कारण पुढचा सगळा प्रश्न त्या येण्यातूनच उद्भवला.

आमच्या मातोश्री फोंडा महालातल्या. १९५३ साली लग्न होऊन त्या बेळगावी आल्या आणि लवकरच नाकेबंदी झाली. माहेर अवघ्या एका घाटाखाली. पण तिथे पोर्तुगिजांचे राज्य आणि इथे भारताचे. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त होईपर्यंत त्यांना माहेरची वाट जवळजवळ बंदच होती. पुढे वाट मोकळी झाली, जाणे-येणे झाले. पण त्या मधल्या वर्षांची एक भूक त्यांच्या मनात राहून गेली आणि ती नीरफणसाच्या कापांची भूक होती. मीठ-मिरची लावून, रव्यात घोळून तव्यावर खरपूस परतलेली ती कापे हा आमच्या घरी श्रावणातला बोलण्याचा विषय असे, ताटातला क्वचितच. बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या मामांच्या कुळागरातून आम्ही एक फुटवा आणला. नीरफणसाला बी नसते. थोरल्या झाडाच्या मुळाला फुटलेला कोंब मुळासकट वेगळा करावा लागतो, म्हणजे प्रत्येक झाड हे आईपासून तोडलेलेच असते. तो कोंब ओल्या किलतानात गुंडाळून मांडीवर घेऊन आम्ही घाट चढलो. मातोश्रींनी तो स्वतःच्या हाताने लावला, पाणी घातले आणि पहिल्याच हिवाळ्यात पाने काळवंडलेली पाहून त्या म्हणाल्या, "ताका हांगा हींव लागता, बाबा."

त्या दिवसापासून आमच्या घरी एक नित्यकर्म सुरू झाले. चार वेळू रोवून त्यांवर गोणपाटाची खोप घालायची, संध्याकाळी ती खाली सोडायची आणि सकाळी ऊन आले की वर करायची. चार महिने, रोज.

आमच्या देवस्थानात सोमवारची आरती झाल्यावर कट्ट्यावर थोडा वेळ बसण्याची रीत आहे. तिथे एका वयोवृद्ध गृहस्थांनी, ज्यांच्या शब्दाला आम्ही मान देतो, एकदा विचारले: "देवाने ज्याला समुद्रकाठी घातले त्याला तुम्ही डोंगरावर आणता आणि रोज तिन्हीसांजेला पोत्यात घालता. हे झाडावरचे प्रेम की झाडाचा छळ?" सगळे हसले, आम्हीही हसलो. परंतु घरी परतताना तो प्रश्न आमच्याबरोबर चालत आला.

या प्रश्नाचे एक सोपे उत्तर आहे आणि कट्ट्यावर ते तत्काळ दिलेही गेले: ज्याची त्याची माती असते, परके झाड परक्या मातीत लावूच नये. हे उत्तर ऐकायला सात्त्विक वाटते. पण ते देणारे गृहस्थ ज्या गाभाऱ्याकडे तोंड करून बसले होते तिथे झेंडूचे तोरण होते आणि निशिगंधाचा हार होता. झेंडू आणि निशिगंध हे दोन्ही मेक्सिकोचे. देवळाच्या आवारात ज्याचा सडा पडतो आणि ज्याला आपण देवचाफा म्हणतो, तोही मध्य अमेरिकेकडचा. ज्यांना आपण सीताफळ आणि रामफळ अशी नावे ठेवली ती फळे सीतामाईने कधी पाहिली नव्हती. तीही अटलांटिक ओलांडून आलेली. एकादशीच्या ताटातली साबूदाण्याची खिचडी घ्या. साबूदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची, या चारांपैकी एकही पदार्थ सोळाव्या शतकाआधी या भूमीवर नव्हता. शुचिर्भूतपणाच्या दिवशी आपण पूर्ण परदेशी जेवतो आणि त्याला फराळ म्हणतो. यात काही उणे आहे असे आम्हांस वाटत नाही. देवाने नाकारले असते तर तोरणे सुकून पडली असती, एवढे म्हणून पुढे जावे.

निपाणीला जाऊन ‘परके झाड’ हा शब्द उच्चारून पाहा. ते सबंध गाव तंबाखूवर उभे राहिले आहे. पोर्तुगिजांबरोबर आलेले हे अमेरिकेचे रोप निपाणीच्या काळ्या मातीत असे रमले की तिथल्या वाड्यांचे, वखारींचे, लग्नकार्यांचे आणि कर्जांचे सारे गणित त्याच्या पानावर मांडले गेले. १९८१ साली त्याच पानाला रास्त भाव मागत शेतकरी महामार्गावर बसले, गोळीबार झाला आणि माणसे मेली. जे रोप इतके रक्त आणि इतका घाम पिते त्याला परके म्हणणे हा भाषेचा खेळ झाला. आणि हेही लक्षात घ्यावे की तंबाखू परकी आहे म्हणून कोणी कधी हरकत घेतली नाही. ज्यातून पैसा येतो त्या झाडाचे कुळ आपण विचारत नाही.

शिवाय आपण विचारणारे तरी कोण? आपल्यापैकी अनेकांचे देव सोळाव्या शतकात रातोरात हलले. कुशस्थळीचा मंगेश १५६०मध्ये प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. ज्यांचे कुलदैवतच नव्या मातीत रुजले, त्या कुळांतल्या माणसांनी ‘ज्याची त्याची माती’ हे वाक्य जरा जपून वापरावे. ज्या सीमाभागात आम्ही राहतो तिथे तर हा विषय फार नाजूक आहे. कोणाची माती कुठे संपते यावर इथे आयोग बसले, अहवाल आले, अजून न्यायालयात वाद आहे. थंडीने मात्र त्यांपैकी एकही कागद वाचलेला नाही.

तेव्हा आणणे हे पाप नव्हे. पण याचा अर्थ कट्ट्यावरच्या त्या वृद्ध गृहस्थांचा प्रश्न सुटला असा नाही. झेंडूला आपल्याकडची हवा मानवली. त्याला कोणी पोत्यात घालत नाही. ज्याला हवा मानवत नाही आणि तरी आपण हौसेने आणतो, त्याचे काय?

झाडाला थंडी बाधते म्हणजे काय होते हे आम्ही हळूहळू शिकलो, आणि आधी चुकीचे शिकलो. आमचा समज असा की पाणी गोठण्याइतकी थंडी पडली तरच झाड मरते. उष्ण प्रदेशातील झाडांची गोष्ट तशी नाही. दहा-बारा अंशांनाच त्यांच्या पेशींची आवरणे थिजल्यासारखी कडक होतात, आतला रस पाझरू लागतो आणि पानावर पाणी शिंपडल्यासारखे काळसर डाग उमटतात. मुळे गारठली की माती ओली असूनही ती पाणी ओढत नाहीत, आणि पाने कोमेजतात. कोमेजलेले पान पाहून माणूस काय करतो? आणखी पाणी घालतो. पहिल्या हिवाळ्यात आम्ही हेच केले. तहानलेल्याला पाणी पाजल्याचे समाधान मिळवले आणि खाली मुळे कुजवीत बसलो. दसऱ्यानंतर शेणखताचा भरपूर डोस देण्याची चूकही आमचीच. त्या खताने कोवळी पालवी फुटली आणि पौषाने ती पहिल्याच आठवड्यात जाळली. काळवंडलेल्या फांद्या बऱ्या दिसत नाहीत म्हणून आम्ही त्या लगेच छाटायला निघालो, तेव्हा आमच्या माळ्याने हात धरला. ती मेलेली पानेच खालच्या डोळ्यांचे पांघरूण असतात. फाल्गुनात ऊन तापल्यावर छाटावे, असे त्याचे म्हणणे. ते खरे ठरले.

खोपेचे मर्मही त्यानेच सांगितले. गोणपाट स्वतः ऊब देत नाही. दिवसा मातीने साठवलेली ऊब निरभ्र रात्री आकाशात उडून जाते, ती अडवायची एवढेच त्याचे काम. म्हणून ते जमिनीला टेकलेच पाहिजे, आणि पानाला टेकता कामा नये. दुपारी माती बेताने भिजवावी, कारण ओली माती ऊब अधिक धरते. आणि पाणी विहिरीचे असावे, कारण हिवाळ्यात विहिरीचे पाणी हौदाच्या पाण्यापेक्षा कोमट असते. दिवसभर ऊन खाल्लेली दगडी भिंत पाठीशी असली तर निम्मे काम भिंत करते. आमचे झाड सुदैवाने अशा भिंतीपाशी होते. ते शहाणपण आमचे नव्हे, मातोश्रींना स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते दिसायला हवे होते.

आपल्या मुलखात हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या जाणणारे लोक आहेत. मिरजेजवळच्या आरग-बेडग भागातील पानमळे ज्यांनी पाहिले असतील त्यांना आम्ही काय म्हणतो ते कळेल. विड्याचा वेल मूळचा मलायाच्या बाजूचा. दमट, सावलीच्या रानातला. त्याला ना लख्ख ऊन सोसते, ना कोरडा वारा, ना थंडी. इथे त्याच्यासाठी शेवरी, शेवगा, पांगारा लावून सावली निर्माण करतात, चहूबाजूंनी ताटी घालून वारा अडवतात आणि वेल फार उंच गेला की तो उतरवून, त्याची वेटोळी मातीत पुरून पुन्हा नवा चढवतात. पानमळ्यात शिरताना पुष्कळ ठिकाणी पायताण बाहेर काढण्याची रीत आहे. बाहेरची कीड-रोग आत जाऊ नये, असा तिचा व्यावहारिक अर्थ कोणी लावील. आम्हांस त्यात त्याहून काही अधिक दिसते. ज्याला आपण त्याच्या देशातून उचलून आणले आणि ज्याच्या पानावाचून आपला एकही मंगल विधी होत नाही, त्याच्या दाराशी माणसाने थोडे नमून जावे.

याच्या उलट टोकाची एक हकीकत आमच्या नीरफणसाच्याच कुळातली आहे. १७८९ साली कॅप्टन ब्लाय या इंग्रज अधिकाऱ्याच्या ‘बाउंटी’ जहाजावर ताहितीहून नीरफणसाची एक हजारांहून अधिक रोपे चढवली गेली. वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांना स्वस्तात पोसता यावे हा हेतू. वाटेत खलाशांनी बंड केले, ब्लायला होडीत बसवून सोडून दिले आणि रोपे समुद्रात फेकली. तो वाचला आणि पुन्हा गेला. १७९३मध्ये दुसऱ्या जहाजातून रोपे जमेकास पोहोचली. या दुसऱ्या सफरीत पाण्याची टंचाई पडली तेव्हा रोपांना पाणी मिळाले आणि खलाशांच्या वाट्याला कपात आली, असे त्या सफरीवरच्या लोकांनी लिहून ठेवले आहे. आणि एवढे करून, ज्यांच्यासाठी म्हणून ते फळ आणले त्या गुलामांना ते कित्येक वर्षे रुचलेच नाही. ब्लायने रोपांची जोपासना चोख केली यात संशय नाही. पण ती जोपासना मळेवाल्यांच्या हिशेबासाठी होती, आणि तिची किंमत मोजणारे खलाशी निराळेच होते.

ही हकीकत आम्ही प्रथम वाचली तेव्हा ती आम्हांस दूरदेशीची, क्रूर लोकांची वाटली होती. आता तशी वाटत नाही, त्याचे कारण सांगणे भाग आहे.

तिसरा हिवाळा. त्या पौषात चार-पाच रात्री असाधारण थंड गेल्या. आम्ही बाजारातून नवी गोणपाटे आणली, दुहेरी खोप केली. आमचा माळी संध्याकाळी ती सोडून जाण्यास निघाला आणि फाटकाशी घुटमळला. "मालक, एक पोतं न्हिऊ काय? रेडकू लई काकडाय लागलंय." त्याच्या घरी म्हैस नुकती व्यालेली होती. आम्ही खोपेकडे पाहिले, आणि आमच्या तोंडून शब्द गेला, "उद्या बघू." का गेला? पोती मोजून आणलेली होती. एक काढले असते तर एक बाजू एकेरी राहिली असती. मातोश्री खिडकीत उभ्या होत्या. ही सारी कारणे खरी आहेत आणि एकही पुरेसे नाही. दुसऱ्या दिवशी ती गोष्ट आमच्या ध्यानातून गेली. तिसऱ्या दिवशी आठवण झाली तेव्हा आम्ही एक नवे पोते घडी करून त्याच्यापुढे धरले. तो म्हणाला, "आता ऱ्हाऊ द्या, मालक." आणि खोप वर करू लागला.

रेडकू गेले हे पुढे त्याच्या बायकोकडून आमच्या घरात कळले. ते थंडीनेच गेले असे कोणी म्हटले नाही. लहान जनावरे अनेक कारणांनी दगावतात आणि एका पोत्याने ते तरले असतेच असे नाही. हा युक्तिवाद आम्ही स्वतःशी बऱ्याच वेळा केला आहे.

गृहस्थाला पंचमहायज्ञ सांगितले आहेत, त्यांत भूतयज्ञ एक आहे. आमच्या घरी काकबळी कधी चुकला नाही. कावळा बोलावल्याशिवाय येतो, म्हणून त्याचे सोपे असते. फाटकाशी घुटमळणाऱ्या माणसाचे रेडकू मागून घ्यावे लागते आणि ‘नाही’ ऐकून जावे लागते. वनस्पतींना अंतःसंज्ञा असते, सुखदुःख असते असे मनुस्मृती मानते. शांतिपर्वात भृगूने भरद्वाजाला झाडे कशी स्पर्श जाणतात, ऐकतात, गंध घेतात हे सविस्तर समजावले आहे. जगदीशचंद्र बसूंनी यंत्रे लावून झाडाची प्रतिक्रिया कागदावर उमटवली. थंडी पडताच पेशींना तिची वार्ता काही क्षणांत लागते हे आजचे शास्त्रही सांगते. मात्र ती वार्ता म्हणजे वेदना, असे म्हणण्यास बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ तयार नाहीत. कट्ट्यावर आमचा पुष्कळ वेळ या वादात गेला. आता वाटते, आमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध फार थोडा होता. झाड दुखावते की नाही हे कळण्यापूर्वीही आम्ही त्याचे ऋणको होतोच, कारण ते आपण होऊन आले नव्हते. रानातला कुडा थंडीने वाळला तर तो ऋतूचा हिशेब; आमच्या मांडीवरून घाट चढलेला फुटवा वाळला तर तो आमचा हिशेब. इथपर्यंत आम्ही बरोबर होतो. चुकलो ते हे ऋण दुसऱ्याच्या खात्यातून फेडण्यात. मातोश्रींची आठवण आमची, झाड आमचे, आणि चार महिने तिन्हीसांजेला थंडीत उभा राहणारा देह मात्र त्याचा. त्या आठवणीला लागणारी ऊब आम्ही त्याच्या गोठ्यातून काढली.

पुढच्या वर्षीपासून खोप आम्ही स्वतः सोडतो आणि स्वतः वर करतो. यात मोठेपणा काही नाही. गुडघे दुखतात आणि कधी कधी चिडही येते. एखाद्या संध्याकाळी कीर्तनाला जायचे राहते. पण हौसेला किती वजन असते ते तेव्हाच कळते.

आमचा एक भाचा टोरोंटोला असतो. तिथे कार्तिकातच बर्फ पडते. त्याच्या बायकोने तुळस लावली आहे; उन्हाळ्यात अंगणात आणि दिवाळीच्या आधीच आत, दक्षिणेच्या खिडकीत, वर एक दिवा टांगून. तुळशीचे लग्न ती स्वयंपाकघरात लावते. आमच्या कट्ट्यावरील एकाने ऐकून म्हटले, एवढे हाल कशाला, तसबीर ठेवावी. आम्ही तिला फोनवर विचारले की घरातले सगळे सुट्टीत भारतात येता तेव्हा तुळशीचे काय करता? ती म्हणाली, गेल्या तीन वर्षांत सगळे एकदम कधी आलोच नाही, मामा. तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. तिच्या दृष्टीने ती नुसती माहिती होती. आम्हांस मात्र फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ त्याचाच विचार येत राहिला.

मातोश्री झाडाला फळ धरण्यापूर्वीच गेल्या. नवव्या पावसाळ्यात पहिले फळ आले आणि लिंबाएवढे असताना गळाले. त्यानंतरच्या वर्षी दोन टिकली. कापे केली, चव, खरे सांगायचे तर, मामांच्या कुळागरातल्या फळांसारखी नव्हती, किंचित पाणचट होती. माळ्याच्या घरीही दिली. त्याच्या नातवाला ती बटाट्याची भजी वाटली.

अलीकडे झाडाच्या मुळांना कोंब फुटू लागले आहेत. ही बातमी पसरायला वेळ लागत नाही. गेल्या मार्गशीर्षात निपाणीचे एक स्नेही मुद्दाम आले. त्यांच्या आईचेही माहेर गोव्याचे. एक फुटवा द्या, म्हणाले. पिशवीही आणली होती. आम्ही त्यांना चहा दिला, खोप सोडायला बरोबर नेले आणि गोणपाटाचे एक टोक त्यांच्या हाती धरायला दिले. आत्ता थंडीत मूळ तोडले तर दोन्ही झाडे जातील, पहिला पाऊस होऊन गेल्यावर ज्येष्ठात या, असे सांगितले. मग विचारले, घराला ऊन खाणारी दगडी भिंत कोणत्या अंगाला आहे? त्यांनी ती सांगितली. आणि संध्याकाळी घरी कोण असते? ते जरा थांबले. आईला विचारून कळवतो, म्हणाले आणि शेवटच्या मोटारीने निपाणीस गेले.